मनकर्णाबाईंचे उत्पन्न

वडशात नाटक कंपन्यांची बुकिंग कार्यालये उघडली की समजायचे, दिवाळी जवळ आली. झाडीपट्टीतली नाटके दिवाळीनंतर सुरू होतात ती होळीपर्यंत गावोगाव चालतात. त्यांत राजाला अंगरखा लागतो, सावकाराला कोट लागतो आणि नायिकेला प्रत्येक प्रवेशात वेगळी साडी लागते. कारण इकडचा प्रेक्षक कथानक विसरेल, साडी विसरत नाही. हे सगळे शिवणाऱ्यांमध्ये अमिना शेखचे नाव होते. मशीन मात्र अजून पायानेच चालवायची होती.

त्या वर्षी बिरजूभाऊ तिच्या दारात आले. बिरजूभाऊ एका कंपनीचे मालक आणि त्याच कंपनीच्या नाटकांतले कायमचे पोलीस इन्स्पेक्टर. त्यामुळे साधे बोलले तरी अटक केल्यासारखे वाटे.

"अमिनाबाई, तीन नाटकांची पूरी ड्रेपरी यंदा तुलेच देतो. बासष्ट नग. पन तुया या खटाऱ्यावर काम होत नाई. मोटरवाली मशीन घे, अन् एक इंटरलॉकची घे. दसऱ्याच्या आधीचा शनिवार, तोपर्यंत मशीन दिसली पाहिजे. नाई दिसली तं ऑर्डर नागपूरले."

एवढी ऑर्डर अमिनाला पंधरा वर्षांत आली नव्हती. दोन्ही मशिनी मिळून पंचावन्न हजारांच्या. पंधरा तिच्याकडे होते. चाळीस कुठून आणायचे, एवढाच प्रश्न होता.

बँकेतले साहेब सभ्य होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिले आणि तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागितली. मग तिने मोबाइलवरचे एक ॲप उघडून पाहिले. त्याने दोन मिनिटांत कर्ज मंजूर केले आणि तिसऱ्या मिनिटाला फोनमधले सगळे नंबर वाचायची परवानगी मागितली. त्या नंबरांत नणंदेचा नंबर होता. अमिनाने ॲप पुसून टाकले. आठवड्याला वसुली करणाऱ्या कंपनीला पाच बायांचा गट हवा होता, आणि मोहल्ल्यातल्या बाया आधीच एवढ्या गटांत होत्या की कोणत्या दिवशी कोणाकडे भरायचे हे त्यांनी भिंतीवर लिहून ठेवले होते. राहिला स्वतःचा बचत गट. त्याचे वीस हजार गटातल्या रश्मीच्या कोंबड्यांत गेले होते आणि कोंबड्या अजून अंड्यांवर आल्या नव्हत्या.

तेव्हा अमिना 'वैनतीर ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्थे'त गेली. धानाच्या दुकानावर वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एक तिजोरी आणि श्रावण नावाचे व्यवस्थापक, असा संस्थेचा पसारा. श्रावणभाऊंनी तिचे सगळे ऐकले. बिरजूभाऊंचे नाव ऐकून ते जरा खूशही झाले. बिरजूभाऊंचा इन्स्पेक्टर त्यांनी अकरा वेळा पाहिला होता.

"सभासद व्हा, दोन जामीनदार आना, अर्ज भरा. मंग आमचा मानूस घरभेटीले येईल. तो चौकशी करीन. शुक्रवारी कर्ज समिती बसते. दोन वर्षं, महिन्याले दोन हजार. बस."

"बस?" अमिनाला विश्वास बसेना.

"बस. आम्ही मानूस पाहून कर्ज देतो बाई, कागद पाहून नाई." असे म्हणून त्यांनी तिला नऊ कागदांची यादी दिली.

जामीनदार मिळाले. एक तिचा दीर मुन्ना, एसटीत ड्रायव्हर, पक्का पगारदार. दुसरे राइस मिलचे दिवाणजी. अमिनाचा नवरा इब्राहीम त्याच मिलमध्ये बॉयलरवर रात्रपाळी करी, त्यामुळे दिवाणजींनी फार न विचारता सही केली. कर्जाबद्दल अमिनाने मोहल्ल्यात कोणाला सांगितले नाही. चाळीस हजार येणार म्हटले असते तर ते यायच्या आधीच चार जणींनी त्यातले थोडे थोडे मागितले असते. तिची गुप्तता योग्यच होती. तिथेच घोटाळा झाला.

घरभेटीला संघपाल आला. संघपाल म्हणजे संस्थेचा निरीक्षक. गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल, खिशाला दोन पेन. संस्थेचा त्याला कडक नियम होता की चौकशी करताना कर्जाचा विषय काढायचा नाही. पूर्वी एकदा तो काढला होता आणि अर्जदाराच्या मुलीची सोयरीक मोडली होती. म्हणून संघपाल भर दुपारी मोहल्ल्याच्या तोंडाशी उभा राहून एवढेच म्हणाला, "अमिना शेख कुठी राहते? जराशी चौकशी कराची आहे."

आता फाइल घेऊन आलेला माणूस या मोहल्ल्याने काही पहिल्यांदा पाहिला नव्हता. घरकुलाचा सर्व्हे होतो, रेशन कार्डाचा होतो, दारिद्र्यरेषेचा होतो, आणि कशाचा ते शेवटपर्यंत न कळलेलाही एक झाला होता. प्रत्येक वेळी अनुभव एकच. ज्याने खरे सांगितले त्याचे नाव कटले. त्यामुळे काखेत फाइल दिसली की कोणी कोणाला काही सांगावे लागत नसे. मोटारसायकली घरामागे जात. फ्रिजवर लुगडे पडे. कानातले निघून डब्यात जाई. दोन मिनिटांत सगळा मोहल्ला असा दिसू लागे की सर्व्हेवाल्यालाच आपला डबा काढून द्यावासा वाटे.

अमिना त्या वेळी लेस आणायला बाजारात गेली होती. म्हणून शेजारच्या मनकर्णाबाई पुढे झाल्या. मनकर्णाबाई साठीच्या, आवाजाने मोहल्ल्याच्या पुढारी. अमिनावर त्यांचा जीव. तिच्या दोन्ही बाळंतपणांत शेकशेगडी त्यांनीच केली होती. शेजारीण घरी नाही म्हणून तिचे नुकसान होऊ देणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

"जय भीम, बाई," संघपाल म्हणाला.

"जय भीम." जय भीमला जय भीम झाला, पण मनकर्णाबाईंचे लक्ष फाइलवरच होते. "बस गा. कायची चौकशी?"

"काई नाई, असंच. अमिनाबाईचं कसं चालते? कमाई-बिमाई?"

"कमाई?" मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. "कायची कमाई बापू! एक जुनाट मशीन आहे, ते बी चालत नाई. दोन टाइम चूल पेटत नाई तिच्या घरी."

"शिवणकाम करते म्हनून ऐकलं."

"कोन देते आजकाल शिवाले? सारे रेडिमेड घेतात."

"अन् नवरा?"

"खाटल्यावर आहे. सहा महिने झाले."

इब्राहीम खरोखरच खाटेवर होता. रात्रपाळी करून दुपारी माणूस दुसरे कुठे असणार? बाहेरच्या बोलण्याने त्याची झोप मोडली. खिडकीतून त्याला फाइल दिसली. तो या मोहल्ल्यात लहानाचा मोठा झालेला होता. त्याने अंगावर चादर ओढली आणि तो मनापासून खोकला.

"आयकलं?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

संघपालने लिहून घेतले. "घरी काई जनावर-ढोर?"

"एक बकरी दिसते ना, ते बी माई आहे. दुधासाठी दिली तिले. मले बी कोनी नाई बापू, मी बी अशीच. पन माह्यं राहू दे, तू हिचं लिही."

चार घरी विचारले, चारही घरांनी भर घातली. शेवटच्या घरी संघपालने स्वतःच पाणी मागायचे टाळले.

शुक्रवारी समिती बसली. संघपालचा अहवाल वाचला गेला. उत्पन्न: नाही. पती: अंथरुणास खिळलेले (खोकला स्वतः ऐकला). मालमत्ता: बकरी एक, तीही शेजाऱ्यांची. शेजाऱ्यांचे मत: एकमुखाने उपासमार. खात्री करण्यासाठी श्रावणभाऊंनी तिथूनच मिलच्या दिवाणजींना फोन लावला. दिवाणजींना पती अंथरुणाला खिळल्याचे कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मंग सहा महिने मी पगार कोनाले देऊन राह्यलो?" आणि त्यांनी जामीन मागे घेतला.

सोमवारी अमिना पैशाच्या आशेने वर गेली. श्रावणभाऊंनी तिला बसवले आणि फार हळू आवाजात समजावले.

"बाई, अशा परिस्थितीत कर्ज म्हनजे गळ्याले फास. समितीले लई वाईट वाटलं. अर्ज नामंजूर आहे, पन संस्थेचा धर्मादाय फंड आहे. त्यातून तुमच्यासाठी हे मंजूर झालं." आणि त्यांनी टेबलाखालून एक ब्लँकेट काढून तिच्या मांडीवर ठेवले.

ती ब्लँकेट घेऊन मोहल्ल्यात शिरली तेव्हा मनकर्णाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"भेटलं ना?" त्या आनंदाने म्हणाल्या. "मी म्हटलंच होतं! तू घरी नाई तं सारं मीच सांगतलं त्या पोट्ट्याले. अशी गरिबी सांगतली तुही, त्याच्या डोऱ्यात पानी आलं. ब्लँकेटच भेटलं का? घरकुल पाठून येईन."

अमिना त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाई, तो घरकुलवाला नव्हता."

"मंग रेशनवाला?"

"पतसंस्थेचा होता. मी कर्ज मांगतलं होतं. तुम्ही त्याले सांगतलं का मी उपाशी मरून राह्यली. उपाशी मानसाले कर्ज कोन देईन, बाई? शनिवारी बिरजूभाऊ ऑर्डर नागपूरले देऊन राह्यले. बासष्ट नग होते. बासष्ट!"

मनकर्णाबाईंनी सूप खाली ठेवले.

"तं तू सांगतलं काऊन नाई मले?"

"तुम्ही विचारलं काऊन नाई त्याले?"

"फाइलवाल्याले कोनी विचारते का वो कधी?"

फाइलवाल्याला अमिनानेही कधी विचारले नव्हते. मागच्या सर्व्हेत मनकर्णाबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत असे तिनेच सांगितले होते.

मंगळवारी दोघी मिळून संस्थेत गेल्या. मनकर्णाबाई पांढरे लुगडे नेसून, चष्मा लावून. आत संघपाल बसलेला होता. त्याने त्यांना ओळखले आणि फाइल मांडीवर घट्ट धरली.

"श्रावणभाऊ," मनकर्णाबाई म्हणाल्या, "यानं जे लिहिलं ते सारं खोटं आहे."

"बाई, मी तं तुम्ही सांगतलं तेच लिहिलं," संघपाल म्हणाला.

"मी खोटं सांगतलं तं तुले समजाले नाई पाहिजे? कायचा निरीक्षक आहे तू? चार दिवसाचे उपाशी लोक असे बोलतात का कडाकडा?"

श्रावणभाऊंनी सुस्कारा सोडला. अमिना चांगली कमावते, इब्राहीम ठणठणीत आहे, हे त्यांना आता तोंडी पटत होते. इब्राहीम स्वतः दिवाणजींपुढे उभा राहून आला होता आणि दिवाणजी त्याच्याकडे बराच वेळ संशयाने बघत राहिले होते. "पन अहवाल रेकॉर्डवर आहे," ते म्हणाले. "तो आता असाच नाई पुसता येत. एक रस्ता आहे. दिवाणजी आता सही कराले तयार नाईत. त्यांच्या जागी असा जामीनदार पाहिजे, जो त्याच मोहल्ल्यातला आहे, हिले रोज पाहते, अन् लिहून देते का हे बाई फेडू शकते. तं मी शुक्रवारी पुन्हा समितीपुढे ठेवतो."

"मी आहे ना," मनकर्णाबाई म्हणाल्या. "द्या कागद."

कागद आला. संघपालने पेन उघडले. नाव, वय, पत्ता सरळ गेले. मग तो थांबला.

"वार्षिक उत्पन्न?"

मनकर्णाबाईंनी जरा इकडेतिकडे पाहिले. काउंटरसमोर सहा-सात माणसे रांगेत होती. त्यांत कोंबड्यांची रश्मीही होती.

"पंधरा हजार," त्या हळूच म्हणाल्या. पिवळ्या रेशन कार्डावर तेवढेच होते.

"पंधरा हजारात नाई होत बाई," श्रावणभाऊ म्हणाले. "जामीनदाराचं वर्षाचं कमीत कमी एक लाख लागते."

"कमीत कमी?"

"कमीत कमी."

अमिनाने मान खाली घातली. तिला माहीत होते की बाईंचे नाव घरकुलाच्या यादीत नऊ वर्षे आहे आणि या वर्षी नंबर एक्केचाळीसवर आलेला आहे. दोन पक्क्या खोल्या बाईंकडे होत्या. पण त्या खोल्या भाड्याने देऊन बाई स्वतः मागे कौलारू घरात राहत, म्हणजे यादीत नाव राहते. नऊ वर्षे एवढ्या काळजीने गरीब राहिलेल्या बाईला एका फॉर्मसाठी श्रीमंत व्हायला सांगणे तिला जड गेले.

"राहू द्या बाई," ती म्हणाली. "चला. पुढच्या सालाले पाहू."

"थांब." मनकर्णाबाईंनी चष्मा काढून पुसला. "हा कागद कुठी जाते, श्रावणभाऊ?"

"कुठीच नाई. इथीच तिजोरीत राह्यते."

"मी ओट्यावर बोललेलं चार दिवसांत इथवर आलं. कागद काऊन राहीन?" पण त्या खुर्चीत नीट बसल्या. "लिही गा. सीझनमंदी मी नाटकवाल्याइची खानावळ चालवतो. खर्च जाऊन साठ हजार."

रांगेतल्या दोघांनी वळून पाहिले.

"साठ," संघपाल म्हणाला.

"धानाच्या रोवणीले बावीस बायांची टोळी नेतो. माह्या हिस्स्याचे पस्तीस."

"पंचान्नव." संघपाल थांबला. "पाच कमी पडून राह्यले, बाई."

पंचाण्णव हजारांपर्यंतचे सगळे आले-गेले होते, रोजीचे, हंगामाचे. उद्या कोणी विचारले तर मंदी आली म्हणता आले असते. पुढचे मात्र विटांचे होते. मनकर्णाबाई बराच वेळ फॉर्मकडे बघत होत्या. अमिनाने बासष्ट नगांचे नावही काढले नाही.

"दोन खोल्या आहेत माह्या," मनकर्णाबाई शेवटी म्हणाल्या. "पक्क्या. स्लॅबच्या. नर्सबाया राह्यतात भाड्यानं. सालाचे तीस हजार."

"एक लाख पंचवीस!" संघपालने पेन खाली ठेवले. "झालं बाई. बस."

"बस काऊन? लिही ना." मनकर्णाबाईंचा आवाज आता नेहमीचा झाला होता, म्हणजे खाली धानाच्या दुकानात ऐकू जाण्याइतका. "धान कापणीचे वीस राह्यले. बकऱ्या सात आहेत, त्याइचे पंचवीस धर. पोरगा गडचिरोलीले पोलिसात आहे, महिन्याले तीन हजार पाठवते, ते काऊन सोडतो? त्याचे किती होतात सालाचे?"

"छत्तीस."

"लिही छत्तीस. आता सारं जोड."

संघपालने जोडले. दोन लाख सहा हजार. त्याने आकडा वाचून दाखवला तेव्हा रांगेतल्या रश्मीने नकळत डोक्यावर पदर घेतला. मनकर्णाबाईंनी स्वतः तो आकडा पुन्हा एकदा पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो एका जागी पाहिला असावा. नंतर त्यांनी सही केली. अंगठा नव्हे, सही, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईची, एक एक अक्षर सुटे.

खाली उतरताना अमिना म्हणाली, "बाई, तुमचं घरकुल..."

"गप राह्य."

शुक्रवारी समितीने कर्ज मंजूर केले. जुन्या अहवालावर दुसरा अहवाल लागला. शनिवारी दुपारी बिरजूभाऊ आले तेव्हा दोन्ही मशिनी पुठ्ठ्यांतून निघत होत्या. त्यांनी इन्स्पेक्टरच्या नजरेने मशिनींची पाहणी केली, मोजमापाची वही दिली आणि आगाऊ रक्कमही दिली.

मनकर्णाबाईंच्या उत्पन्नाची बातमी मोहल्ल्यात त्याआधीच मंगळवारी तीन वाजता पोचली होती. चार दिवस सगळ्यांनी त्यांच्याशी जरा अदबीने बोलून पाहिले. कोणीतरी तक्रार करील आणि यादीतले नाव जाईल असे बाईंना वाटत होते. पण तेवढ्यात तक्रारदारालाही आपले उत्पन्न लिहून द्यावे लागते अशी बातमी पसरली आणि तक्रार काही झाली नाही. ही बातमी कोणी पसरवली याची चौकशी मोहल्ल्याने केली नाही. एवढे मात्र खरे की यादीचे काय व्हायचे ते होवो, पण आपण जामीनदार आहोत हे बाई आता विसरायला तयार नव्हत्या. अमिनाचे एक काम बुडाले तर महिन्याचे दोन हजार कोणाच्या खानावळीतून जाणार हे त्यांना पाठ झाले होते.

अमिनाचे काम जोरात सुरू झाले. मोटारची मशीन दिवसभर भिंतीपलीकडे घरघरत असे आणि मनकर्णाबाई ओट्यावर बसून, तांदूळ निवडता निवडता, तिकडे कान लावून असत. सतराव्या नगाला आवाज थांबला.

बाईंनी वाट पाहिली. आवाज येईना.

"काऊन वो?" भिंतीवरून हाक आली. "मशीन काऊन बंद झाली?"

"चहा पिऊन राह्यली, बाई."

"एवढा टाइम?"

"आताच तं बसली!"

"पी मंग," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पन फुकत नको बसू. बशीत घे."